ह्वायआनची विनातारेची ट्राम: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

चीनच्या जियांगसू प्रांतातल्या ह्वायआन शहरात ट्रामचा एकच मार्ग आहे. लांबी 20.07 किमी, थांबे 23, सुरू झाला 28 डिसेंबर 2015 ला. कुठूनही कुठेही जा, भाडं 2 युआन. शहरात मेट्रो नाही, त्यामुळे रुळावरची शहरी वाहतूक म्हणजे ही ट्रामच. दोन थांब्यांमधल्या रुळावर कुठेही वर तार नाही. पहिल्या आठवड्यात सगळं कौतुक त्या नसलेल्या तारेचं वाटतं. रोज बसायला लागलं की लक्ष थांब्यावरच्या अर्ध्या मिनिटाकडे आणि चौकातल्या सिग्नलकडे जातं, कारण आपला वेळ तिथे जातो.

मार्ग पश्चिमेला क्रीडागृहापासून निघतो आणि शुईदूखौ, म्हणजे जुन्या तरीच्या जागेवरून पुढे शियांगयू मार्गाला लागतो. शियांगयू हे चीनचे पहिले पंतप्रधान चौ एन-लाय यांचं दुसरं नाव. त्यांचं जन्मघर जुन्या ह्वायआन गावात आहे आणि ट्रामचं शेवटचं टोक, दक्षिण दरवाजा, त्याच जुन्या गावाकडे आहे. पूर्वी छूचौ म्हणून ओळखलं जाणारं हे गाव आणि आजचं मुख्य शहर यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. ते भरून काढायला ही ट्राम टाकली. म्हणून दोन्ही टोकांना दाट वस्ती आणि मधे रुंद रस्ते, नव्या इमारती, मोकळ्या जागा असं चित्र दिसतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण तासभर लागतो. निव्वळ घाईत असाल तर टॅक्सी लवकर पोचवते, ही गोष्ट मान्य करूनच पुढचं वाचा.

गाड्या सीआरआरसी या चिनी सरकारी रेल्वेगाडी कंपनीच्या चूचौ शहरातल्या कारखान्याच्या. चार डब्यांची सलग गाडी, लांबी सुमारे साडेछत्तीस मीटर, जमीन पूर्ण खाली, फलाटाच्या पातळीला. ऊर्जा साठते सुपरकपॅसिटरमध्ये. गाडी फलाटाला लागली की छतावरचा पँटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा सांगाडा, वर येतो, फलाटावरच्या ताठ पट्टीला टेकतो आणि साधारण 30 सेकंदांत चार्जिंग होतं. पँटोग्राफ खाली, दारं बंद, गाडी निघाली.

बॅटरी न वापरता सुपरकपॅसिटर का, हे समजून घेतलं की या ट्रामचे गुण आणि दोष एकाच जागी सापडतात. सुपरकपॅसिटर वीज रासायनिक क्रियेने साठवत नाही. विद्युतभार इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर जमतो, म्हणून तो झटपट भरतो, झटपट रिकामा होतो आणि लाखो वेळा भरला तरी फारसा झिजत नाही. थंडीचाही त्याच्यावर लिथियम बॅटरीइतका परिणाम होत नाही. ह्वायआनला हे महत्त्वाचं आहे. चीनची उत्तर आणि दक्षिण जिथे वेगळी होतात त्या छिनलिंग–ह्वाय नदीच्या रेषेवर हे शहर वसलं आहे. इथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो. उणी बाजू अशी की त्याच वजनाच्या बॅटरीच्या मानाने यात ऊर्जा फार कमी मावते. शिवाय ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्टेज निम्मं झालं की तीन चतुर्थांश ऊर्जा संपलेली असते. मग दर थांब्यावर भरत जाणं हाच मार्ग उरतो. 20.07 किमीला 22 टप्पे म्हणजे सरासरी 900 मीटरवर एक थांबा. हे अंतर प्रवाशांच्या सोयीचं तर आहेच, पण साठवणीच्या क्षमतेलाही ते सहज झेपतं.

आता वेळेचा हिशोब करा. मधले 21 थांबे, प्रत्येकी 30 सेकंद, म्हणजे साडेदहा मिनिटं नुसतं उभं राहण्यात. गर्दीच्या वेळी चढ-उतारालाच तेवढा वेळ लागतो, तेव्हा चार्जिंग जणू फुकटात होतं. दुपारी मधल्या पट्ट्यातल्या थांब्यावर दोन माणसं चढतात आणि गाडी उभीच, तेव्हा मात्र ते जाणवतं.

ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा ही या तंत्राची सर्वात चांगली बाजू. भरलेली गाडी 60 टनांची धरली आणि वेग ताशी 60 किमी, तर तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे 2.3 युनिट भरते. साध्या ब्रेकमध्ये ती उष्णता होऊन वाया जाते. इथे मोटरच जनित्र होते आणि त्यातला मोठा भाग गाडीतच परत साठतो. तारेवरच्या ट्रामला ही ऊर्जा घ्यायला जवळपास दुसरी गाडी लागते, हिला लागत नाही. वेग कमी होताना धक्का न बसता एकसारखी ओढ जाणवते ती याचमुळे. शेवटच्या काही मीटरला यांत्रिक ब्रेक लागतो तेव्हा हलका हिसका बसतो. उभे असाल तर दांडा धरा. ताशी 50 किमीला नेहमीच्या ब्रेकने थांबायला 80 मीटरच्या आसपास अंतर लागतं. समोर कोणी अचानक आलं की चालकाला रुळाला चिकटणारा चुंबकी ब्रेक लावावा लागतो आणि मग आत उभी असलेली माणसं तोल सावरू शकत नाहीत. हातात गरम चहा घेऊन उभं राहू नका.

आणि समोर येणारे पुष्कळ. चीनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून रस्त्याच्या मधल्या रुळांना आडवं जाणारं वळण डावं. विजेवरच्या दुचाक्या तर कुठूनही येतात, त्यांचा आवाजही येत नाही. पुण्यात बीआरटीच्या लेनमध्ये घुसणारी वाहनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना प्रश्न लगेच कळेल. फरक एवढाच की बस बाजूला घेता येते, ट्राम घेता येत नाही.

सिग्नलबद्दल मात्र खरंच चीड येते, कारण हा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे. रुंद चौकात चार टप्प्यांचं सिग्नलचक्र असतं, एक हिरवा हुकला की दोन मिनिटांच्या आसपास गेले. ट्रामला प्राधान्य द्यायचं तर गाडी चौकात किती सेकंदांनी पोचेल हे आधी कळावं लागतं. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर चार्जिंग आणि चढ-उताराचा वेळ मधे येतो, अंदाज चुकतो आणि मागितलेला हिरवा गाडी उभी असतानाच निघून जातो. थांबा चौकाच्या पलीकडे असेल तर गाडी हिरव्यात चौक ओलांडते आणि मग निवांत चार्ज होते. कोणत्याही शहरात ट्राम आखताना थांबा चौकाच्या कुठल्या बाजूला, यावर भांडावं असं माझं ठाम मत आहे. रुळांच्या किमतीइतकंच ते मोलाचं आहे. शिवाय चार्जिंग फलाटावरच होतं. चौकात लाल दिव्याला उभी असलेली गाडी एसी, दिवे, पंखे सगळं साठ्यातूनच चालवत असते.

पावसाळ्यात गाडीत गळती किंवा वास असा त्रास नाही. रुळाच्या खाचेत मात्र माती, खडी, पानं साचतात. ती साफ झाली नाही तर गाडी खरखरते, पाणीही तुंबतं. तीव्र वळणावर चाकाची कड रुळाला घासून किंचाळल्यासारखा आवाज येतो, कोरड्या दिवसांत जास्त. सायकल किंवा दुचाकीवर असाल तर रूळ जमेल तितका काटकोनात ओलांडा. तिरपं गेलात तर चाक खाचेत अडकतं, आणि ओला रूळ साबणासारखा निसरडा असतो.

हे तंत्र साधं आहे, हीच त्याची मोठी जमा. चूहाय शहराने 2017 मध्ये जमिनीतून वीज घेणारी ट्राम सुरू केली होती. गाडीखालचा चुंबक रुळांमधल्या पेटीतली वाहक पट्टी उचलतो, अशी रचना. 8.9 किमीचा तो मार्ग 2021 मध्ये बंद पडला. त्यनचिन आणि शांघायमधल्या रबरी टायरच्या, मधल्या एका रुळाला धरून चालणाऱ्या ट्रामही 2023 मध्ये थांबल्या. एकाच परदेशी उत्पादकाचं तंत्र घेतलं की सुटे भाग महाग होतात, मिळेनासेही होतात. ह्वायआनचे रूळ नेहमीचे, चाकं पोलादी, गाडी देशातली. खास भाग फक्त छतावर आहे आणि तो बदलता येतो.

रोजच्या वापरासाठी: मोबाईलवरच्या क्यूआर कोडने पैसे देणं सोपं, पण परदेशी कार्ड जोडलेलं खातं कधी ऐनवेळी अडतं, म्हणून एक-एक युआनची नाणी खिशात असू द्या. व्हीलचेअर, बाबागाडी, चाकांची बॅग घेऊन चढायला पायरी नाही, हे मनापासून आवडलं. आत चाकांच्या वरचे बाक मात्र थोडे उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी दाराजवळची जागा धरावी. उन्हाळ्यात फलाटावर सावलीची पट्टी अरुंद असते, छत्री लागतेच. आणि दोन टोकांच्या मधे कुठे वेळेवर पोचायचं असेल तर नकाशात दिसणाऱ्या वेळेत दहा मिनिटं जास्तीची धरा.