आषाढ ते चैत्र: घरच्या ओटीजीच्या वापराचा अनुभव

मागच्या आषाढात आम्ही 30 लिटरचा, 1500 वॅटचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर एकत्र असलेली छोटी विजेची भट्टी) घेतला. वर आणि खाली तापणाऱ्या कॉइल, आतली हवा फिरवणारा पंखा, तापमानाची एक चकती आणि टायमरची दुसरी, एवढेच त्याचे स्वरूप आहे. अमरावतीत आम्ही पाच माणसे राहतो. आम्ही दोघे नोकरी करतो, मुले शाळेत जातात आणि सासूबाईंना संध्याकाळी फार वेळ उभे राहवत नाही. ओटीजी घेताना घरात सगळी चर्चा केकची झाली होती. आता चैत्र लागल्यावर मागे वळून पाहता त्याचा सर्वाधिक उपयोग कामाच्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाला झाला, असे मी निश्चित सांगू शकते. जे लोक वाढदिवसाच्या केकसाठी असे उपकरण घ्यावे का, या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

गॅसवरच्या भाजीला माणूस लागतो. फोडणी जळू नये, भाजी खाली लागू नये, परतायला उशीर होऊ नये म्हणून कोणीतरी कढईशी उभे असावे लागते, आणि कामावरून आल्यावरचा पहिला अर्धा तास नेमका त्यातच जातो. ओटीजीत ट्रे सरकवला की तो अर्धा तास मोकळा मिळतो. आमच्याकडे आता ठरलेली पद्धत अशी आहे की, घरात पाऊल टाकताच ओटीजी 200 अंशांवर तापायला लावायचा, तेवढ्यात फ्लॉवरचे तुरे, बटाट्याच्या फोडी, गाजर आणि कांद्याच्या जाड चकत्या तेल, मीठ, तिखट, धने-जिऱ्याची पूड आणि किंचित आमचूर लावून ट्रेवर पसरायच्या आणि दुसरीकडे कुकरला वरण-भात लावायचा. पंचवीस ते तीस मिनिटांत दोन्ही तयार होते आणि त्या वेळेत मुलांचा अभ्यास पाहता येतो किंवा सासूबाईंजवळ बसून चहा घेता येतो. पीठ भरलेली ढोबळी मिरची, उकडलेल्या कोथिंबीर वडीच्या तेल चोपडलेल्या चकत्या, मसाला लावलेले पनीर, दही-आले-लसणात मुरवलेल्या कोंबडीच्या तंगड्या या सर्व गोष्टी याच रीतीने होतात. तंगड्यांना 200 अंशांवर सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि हाडाजवळच्या मांसाचे तापमान 75 अंशांच्या वर गेले आहे, हे तपासूनच आम्ही त्या बाहेर काढतो. शिळ्या पोळ्यांचे त्रिकोणी तुकडे तेल-तिखट लावून 150 अंशांवर ठेवले की दहा-बारा मिनिटांत कुरकुरीत होतात, आणि मुलांचा संध्याकाळचा खाऊ त्यावर बहुतेक दिवस भागतो.

भाजी ट्रेवर एकावर एक ढीग करून ठेवली तर ती भाजली न जाता वाफवली जाते, आणि मग चव तर येत नाहीच, वर भाजी लिबलिबीत होते. याचे कारण साधे आहे. फोडीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही. ते पाणी उडाल्यावरच पृष्ठभाग अधिक तापतो आणि साधारण 140 अंशांच्या पुढे तो खमंग तपकिरी रंग व वास वेगाने येऊ लागतो. म्हणून धुतलेली भाजी आधी कापडाने कोरडी पुसावी, फोडी एकमेकींना न चिकटतील अशा एकाच थरात पसराव्यात आणि पंखा चालू ठेवावा. पंख्यामुळे वाफ बाजूला होते. मात्र पंखा असताना कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा चकती 15 ते 20 अंश खाली ठेवावी लागते, नाहीतर कडा करपतात आणि आतला भाग कच्चा राहतो. पाच माणसांची भाजी एका ट्रेवर मावत नाही, ही 30 लिटरच्या ओटीजीची खरी अडचण आहे. दोन जाळ्यांवर दोन ट्रे ठेवून अर्ध्या वेळेनंतर त्यांची अदलाबदल करावी लागते.

तापमानाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे असते. चकतीवरचा आकडा हा केवळ अंदाज असतो. आमच्या ओटीजीत चकती 180 वर असताना आत ठेवलेला तापमापक स्थिरावल्यावर 160 च्या आसपास दाखवतो, तर पहिल्यांदा तापताना तोच काटा काही वेळ 200 च्या पुढे जाऊन येतो. म्हणून कॉइलची लाली गेली की लगेच केक आत ठेवू नये; कॉइल एकदा विझून पुन्हा तापेपर्यंत थांबावे. असा जाळीवर उभा राहणारा छोटा तापमापक फार महाग नसतो आणि माझ्या मते तो ओटीजीसोबतच घ्यावा. दुसरे कारण विजेच्या दाबाचे आहे. कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला 1500 वॅट देणारी कॉइल दाब 200 व्होल्टवर उतरला की जेमतेम 1130 वॅट देते. आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी कूलर सुरू झाले की दाब हमखास पडतो आणि जो केक दुपारी पस्तीस मिनिटांत होतो, तो रात्री पाऊण तास घेतो. कृतीतल्या मिनिटांवर विसंबण्यापेक्षा सुरी खुपसून पाहणे आणि वासाकडे लक्ष ठेवणे अधिक भरवशाचे आहे.

आता केकविषयी. अमरावती जिल्ह्यातले वरुड आणि मोर्शी हे संत्र्यांचे तालुके. आंबिया बहाराची (बहार म्हणजे झाडाच्या फुलोऱ्याचा हंगाम) फळे पावसाळा सरल्यावर हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारीपासून बाजारात असतात, त्यामुळे आमच्या घरी सर्वांत जास्त वेळा झालेला केक संत्र्याचाच आहे. 200 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम पिठीसाखर, 200 मिलिलिटर ताजा रस, 80 मिलिलिटर बिनवासाचे तेल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ, हे आमचे प्रमाण आहे; अंडे लागत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती सोलल्यावर किसता येत नाही. म्हणून फळ अख्खे असतानाच हलक्या हाताने वरचा केशरी भाग किसून घ्यावा आणि खालचा पांढरा भाग येऊ देऊ नये, कारण तो कडू असतो. रसातल्या आम्लाचा आणि सोड्याचा संयोग मिश्रण कालवताक्षणीच सुरू होतो व त्यातून निघणारा वायूच केकला फुलवतो. त्यामुळे ओटीजी आधी तापलेला असणे, साचा तेल लावून तयार असणे आणि कालवल्यावर मिश्रण घोटत न बसता लगेच आत ठेवणे, या तीन गोष्टींवर केकचा हलकेपणा अवलंबून असतो. 170 अंशांवर, खालच्या जाळीवर ठेवल्यास तो पस्तीस ते चाळीस मिनिटांत होतो. वरची कॉइल जवळ असल्यामुळे पाठ लवकर काळवंडते. पंचविसाव्या मिनिटाला वरून फॉइल झाकावे, परंतु ते कॉइलला टेकता कामा नये.

याच केकची तुलना आम्ही कुकरमधल्या केकशी करून पाहिली. कुकरमध्ये शिटी आणि रिंग काढून, तळाशी मीठ घालून केलेला केक खालून चांगला होतो आणि फुगतोही. पण वरून उष्णता न मिळाल्याने त्याची पाठ फिकी आणि ओलसर राहते. ज्यांच्याकडे वर्षातून दोनदाच केक होतो त्यांना कुकर पुरेसा आहे, आणि तेवढ्यासाठी ओटीजी घेऊन ओट्यावरची जागा अडवू नये, असे मला मनापासून वाटते.

पावाच्या बाबतीत मात्र कुकर पर्याय ठरत नाही. 500 ग्रॅम मैद्याला 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 25 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम मीठ, 40 ग्रॅम लोणी आणि सुमारे 320 मिलिलिटर दूध-पाणी घेऊन मळलेल्या पिठाची लादी 190 अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटांत सोनेरी होते, आणि मिसळीच्या दिवशी घरात जो वास भरतो त्याने मुले हाक न मारता पानावर येऊन बसतात. निव्वळ कणकेचा पाव हवा, असा आग्रह अनेक जण धरतात. कणकेतला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे तोडतो आणि चक्कीवरच्या दळणात पिठातल्या स्टार्चचे कण अधिक भंगतात, त्यामुळे ती पाणी जास्त पिते आणि पाव दाट होतो. निम्मा मैदा व निम्मी कणीक घेऊन पाणी थोडे वाढवले आणि मळण्यापूर्वी पीठ वीस-पंचवीस मिनिटे नुसते भिजू दिले तर खाण्याजोगा मऊ पाव मिळतो, आणि आमच्या घरी आता तोच स्थिरावला आहे. पौषात इकडे चांगली थंडी असते व पीठ फुगायला फार वेळ लागतो. तेव्हा बंद ओटीजीत गरम पाण्याचे पातेले आणि शेजारी पिठाचे भांडे ठेवले की काम होते. फाल्गुनानंतर उलट घाई होते. पीठ भराभर फुगून आंबूस होऊ लागते, म्हणून थंड पाण्याने मळावे.

पूर्वी दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात आणि पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी आणत. सासूबाईंना ती चव पाठ आहे, आणि आमच्या नानकटाईला त्यांनी होकार दिला, याचा मला विशेष आनंद आहे. तूप थिजलेले असावे, पातळ केलेले नको. 125 ग्रॅम तूप 110 ग्रॅम पिठीसाखरेबरोबर पांढरे व हलके होईपर्यंत फेसावे आणि मग 150 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम डाळीचे पीठ, 25 ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर सोडा, वेलदोडा आणि जायफळ मिसळावे. 160 अंशांवर सुमारे वीस मिनिटे पुरतात. बाहेर काढताना ती मऊच लागते व गार झाल्यावर खुटखुटीत होते, त्यामुळे आणखी भाजण्याचा मोह टाळावा. चिवड्याचे पातळ पोहे 100 अंशांवर आणि शेंगदाणे 160 अंशांवर भाजण्याचे काम तर ओटीजी कढईपेक्षा सरस करतो. दाणे सर्व बाजूंनी सारखे भाजले जातात आणि कुटाला डाग लागत नाहीत. भाजलेल्या शंकरपाळ्यांची मात्र बिस्किटे होतात. चकली, शंकरपाळे, करंजी ही तळणीचीच कामे आहेत आणि ती तशीच राहावीत.

मित्रमंडळी जेवायला येतात तेव्हा आमच्याकडे वऱ्हाडी रोडगे होतात. खरे रोडगे शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात आणि त्या धुराची चव कोणतीही कॉइल देऊ शकत नाही, हे आधीच सांगते. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दहा-बारा जणांसाठी जाडसर कणकेचे, तेलाचे मोहन आणि ओवा घातलेले, आत तेल लावलेले पदर ठेवलेले रोडगे आधी 200 अंशांवर वीस मिनिटे आणि मग उलटून 170 अंशांवर आणखी वीस-पंचवीस मिनिटे भाजले, तर ते आतपर्यंत शिजतात, वरून तडकतात आणि फोडून तूप ओतल्यावर वांग्याच्या भाजीबरोबर पाहुणे दुसऱ्यांदा मागून घेतात. मुख्य म्हणजे यजमानांनाही पंगतीला बसता येते. एक घाणा पानात वाढत असताना दुसरा आत असतो.

वांग्याच्या भरितासाठी हे उपकरण मला पटले नाही. 220 अंशांवर वांगे मऊ होते, साल सुटते, पण जळक्या सालीचा वास उतरत नाही. त्यासाठी गॅसची ज्योत किंवा चूलच हवी. दोन पापड किंवा एक टोस्ट यासाठी एवढी पोकळी तापवणे हा विजेचा अपव्यय आहे. विजेचा हिशेब असा की 1500 वॅटची कॉइल तासभर अखंड चालली तर दीड युनिट जाते, परंतु ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर ती अधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी येतो. एक पदार्थ निघताच दुसरा ठेवला तर पहिल्या तापवणीचीही बचत होते. वैशाखात, बाहेर 44-45 अंश असताना, दुपारी ओटीजी लावणे मात्र स्वयंपाकघरात कोणालाच सहन होणार नाही. तेव्हा तो पहाटे किंवा रात्री उशिराच चालवावा लागेल.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. हे उपकरण साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते, त्यामुळे 16 अँपिअरचा सॉकेट ओट्याजवळ असायलाच हवा. 6 अँपिअरच्या सॉकेटवर जोडपिन (अडॅप्टर) लावून ते कधीही चालवू नये. आणि त्या कंपनीची दुरुस्तीची सोय आपल्या गावात आहे की नाही, याची आधी चौकशी करावी. आमच्या ओटीजीच्या टायमरची चकती हिवाळ्यात मध्येच अडकू लागली, तेव्हा कंपनीचे दुरुस्ती केंद्र शहरात नसल्याचे कळले आणि माणूस येईपर्यंत कित्येक आठवडे गेले. हमी कागदावर होती, पण तेवढे दिवस मोबाइलचा गजर लावून हाताने ओटीजी बंद करावा लागला. स्वच्छतेचा त्रास फारसा नाही: खालचा चुऱ्याचा ट्रे दर वेळी झटकावा, तेलाच्या डागांवर सोड्याचा ओला लेप रात्रभर ठेवून सकाळी पुसावा आणि दाराची काच गरम असताना तिला ओले फडके लावू नये. दोघांच्या घराला 18-20 लिटरचा ओटीजी पुरेल. चार किंवा अधिक माणसे असतील आणि रोजची भाजी त्यातच करायची असेल, तर 30 लिटरच्या खाली जाऊ नये, आणि ओट्यावर जागा असल्यास 40 लिटरचा घ्यावा.