ट्रायलवॉच : परदेशातील खटल्यांवर नजर ठेवणारा उपक्रम, बेळगावच्या वकिलाच्या नजरेतून

सत्तेला नकोसा झालेला पत्रकार किंवा कार्यकर्ता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा निकाल काय लागला याइतकेच तो कसा लागला हेही पाहावे लागते. क्लूनी फाउंडेशन फॉर जस्टिस या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये सुरू केलेला ट्रायलवॉच हा उपक्रम तेच करतो. प्रशिक्षित निरीक्षक न्यायालयात बसून, कामकाजात कोणतीही ढवळाढवळ न करता टिपणे घेतो आणि त्यांच्या आधारे एखादा विधिज्ञ अहवाल लिहून, खटला न्याय्य सुनावणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालला का यावरून त्याला ए (सर्वांत चांगली), बी, सी, डी किंवा एफ (सर्वांत वाईट) अशी श्रेणी देतो. हे अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

श्रेणी वर्तमानपत्राच्या मथळ्याला सोयीची असली, तरी वकिलाला तिचा उपयोग बेताचाच आहे. नियमभंगाचा परिणाम निकालावर झाला किंवा आरोपीची मोठी हानी झाली, तर सी ची डी होते. परंतु निकालपत्रात कारणेच धड दिलेली नसतील, तर हा परिणाम ठरवायचा कशावरून?

अहवालांचे खरे मोल कामकाजाच्या तपशिलात आहे. उलटतपासणी कोठे अडवली गेली, वकिलाला अशिलाशी एकांतात बोलता आले का, दुभाषी होता का, हे तेथे पाहावे. दुभाष्याचा मुद्दा सीमाभागातील वाचकाला विशेष जवळचा वाटेल. खानापूर किंवा निपाणीच्या न्यायालयात साक्ष कन्नडमध्ये चालू असताना मराठी पक्षकार आपल्या वकिलाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसलेला आम्ही नेहमीच पाहतो. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १४ अशा आरोपीला मोफत दुभाषी देते. भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला खुल्या न्यायालयात समजावून सांगण्याची तरतूद कलम २७९ मध्ये होती. निरीक्षक हा प्रश्न अगत्याने विचारतात, ही या उपक्रमाची मोठी जमेची बाजू होय.

एक गोष्ट मात्र खटकते. संस्थेच्या सहसंस्थापक अमल क्लूनी या फिलिपाइन्समधील पत्रकार मारिया रेसा यांच्या आंतरराष्ट्रीय वकिलांच्या चमूत होत्या. त्यांच्या वकिलीबद्दल आक्षेप नाही. पण बचावाची वकिली आणि तटस्थ निरीक्षण एकाच घरात चालत असेल, तर प्रतिपक्षाला बोट दाखवायला आयतीच जागा मिळते. अशा वेळी कोणाचा कोणत्या खटल्याशी काय संबंध आहे, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळकपणे छापलेले असावे.