फोनमधल्या परमिशन सिस्टिमचा रिव्ह्यू : घेताना विचारतो, पाठवताना नाही

फोनचे रिव्ह्यू बघा, कॅमेरा, बॅटरी, डिस्प्ले, गेम खेळताना तापतो का, सगळं असतं. पण ते परमिशनवालं प्रकरण कसं चालतं यावर कोणी दोन ओळींच्या वर लिहीत नाही, आणि वापर तर त्याचा सगळ्यांनाच करावा लागतो, दर नव्या ॲपला. म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्याचा. माझ्याकडे एक अँड्रॉइड आहे आणि कामासाठी मिळालेला एक आयफोन, दोन्हीवरचं मिळून लिहितेय. मॉडेल सांगत नाही कारण मुद्दा मॉडेलचा नाहीच.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं आहे आणि ते नाकारायचं नाही. जुने फोन ज्यांनी वापरलेत त्यांना आठवत असेल, अँड्रॉइडवर ॲप टाकतानाच एक लांबलचक यादी यायची, सगळं मान्य असेल तर टाका नाहीतर राहू द्या. २०१५ ला अँड्रॉइडचं मार्शमॅलो व्हर्जन आलं तेव्हापासून एकेक परमिशन वेगळी मागायला लागले. मग अँड्रॉइड १० मध्ये 'ॲप वापरत असतानाच लोकेशन', ११ मध्ये 'फक्त या वेळेपुरतं', १२ मध्ये माइक-कॅमेरा चालू असला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका आणि सोबत प्रायव्हसी डॅशबोर्ड. आयफोनवर ठिपके त्याच्याही आधी आले, २०२० च्या आयओएस १४ पासून (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम), केशरी म्हणजे माइक आणि हिरवा म्हणजे कॅमेरा. हे ठिपके मला मनापासून आवडतात. सेटिंगमध्ये शिरायला नको, काही वाचायला नको, नजर टाकली की कळतं. डॅशबोर्ड पण उघडून बघा एकदा, कुठल्या ॲपने कधी लोकेशन घेतलं ते वेळेसकट दिसतं. माझ्या फोनवर एक हवामानाचं ॲप होतं (नाव नाही घेत), रात्री मी झोपलेली, फोन टेबलवर, आणि हे आपलं सारखं लोकेशन बघतंय. मी रात्रीतून कुठे जाणार आहे बाबा. काढून टाकलं.

वापरत नसलेल्या ॲपच्या परमिशन काही महिन्यांनी आपोआप काढून घेतल्या जातात, तेही छान, फार कमी लोकांना माहीत आहे. फोटोचंही सुधारलंय, पूर्ण गॅलरी न देता निवडलेले फोटो देता येतात.

आता खरा मुद्दा. ही सगळी सिस्टिम एकच प्रश्न विचारते, की या ॲपने ही गोष्ट घ्यायची का. कॅमेरा घेऊ का, माइक घेऊ का, लोकेशन घेऊ का. घेतल्यावर त्याचं पुढे काय, कुठल्या सर्व्हरवर गेलं, कोणाला दिलं, किती दिवस ठेवलं, यावर एक प्रश्न नाही. बिल्डिंगचा वॉचमन आत येणाऱ्याला नाव, फ्लॅट नंबर, काय काम सगळं विचारतो आणि बाहेर जाताना खांद्यावर टीव्ही असला तरी सलाम ठोकतो, असला प्रकार आहे. तुम्हाला कधी पॉपअप आलाय का की 'या ॲपला इंटरनेट वापरू द्यायचं का'? अँड्रॉइडवर नाही येणार, कारण इंटरनेटची परमिशन ॲपला न विचारता मिळते, ती 'नॉर्मल', म्हणजे फारसा धोका नाही अशा गटात धरलेली आहे. टॉर्चच्या ॲपला इंटरनेट कशाला, वहीच्या ॲपला कशाला, पण मिळतं. आयफोनवर निदान ॲपचा मोबाइल डेटा बंद करता येतो, पण वायफायला जोडलं की ते मोकाटच. ग्राफीनओएस नावाची जी अँड्रॉइडचीच वेगळी आवृत्ती आहे त्यात मात्र प्रत्येक ॲपला नेटवर्कचं वेगळं बटण आहे आणि सेन्सरचं पण, म्हणजे करता येत नाही असं नाही. करायचं नाहीये.

टॉर्चचं उदाहरण मी हवेतून नाही काढलं बरं का. ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट नावाचं एक फुकट ॲप होतं, करोडो लोकांनी घेतलेलं, २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक होते का ते बघणारी सरकारी संस्था) त्याच्या कंपनीवर कारवाई केली, कारण ते लोकेशन आणि फोनचा आयडी जाहिरातवाल्यांना पाठवत होतं. आणि यातला कहर म्हणजे पहिल्यांदा उघडल्यावर 'ॲक्सेप्ट' आणि 'रिफ्यूज' अशी दोन बटणं यायची, तुम्ही त्यातलं कुठलंही दाबायच्या आधीच डेटा जायला सुरुवात झालेली असायची! म्हणजे विचारण्याचं नुसतं नाटक.

आता कोणी म्हणेल ते जुनं झालं. ठीक, तर आता कसं चालतं ते बघू. ॲप बनवणारा सगळं स्वतः लिहीत नाही, दुसऱ्या कंपन्यांचे तयार तुकडे आत टाकतो, त्यांना एसडीके म्हणतात, जाहिरातीचा एक, ॲनालिटिक्सचा, म्हणजे लोक ॲप कसं वापरतात ते मोजणारा एक, ॲप बंद पडलं की कळवणारा क्रॅश रिपोर्टचा एक. तुम्ही ॲपला लोकेशन दिलं की आत बसलेल्या या सगळ्या पाहुण्यांनाही ते मिळू शकतं, त्यांच्यासाठी वेगळा पॉपअप येत नाही, त्यांची नावंही दिसत नाहीत. एक्स-मोड नावाची कंपनी अशीच, तिचा एसडीके बऱ्याच ॲपमध्ये होता, त्यातून आलेली लोकेशन ती विकायची. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कमिशनने तिला संवेदनशील ठिकाणांचं लोकेशन, म्हणजे दवाखाने, प्रार्थनास्थळं वगैरे, विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला बंदी घातली. आणि 'त्यात नाव थोडीच असतं' हे जे कंपन्यांचं ठरलेलं उत्तर आहे ना, त्याचा निकाल २०१३ मध्येच लागलाय. पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदींवर संशोधकांनी काम केलं, तर ठिकाण आणि वेळ अशा फक्त ४ नोंदी असल्या की ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखता येत होते. रात्री कुठे असता आणि दिवसा कुठे असता, एवढं कळलं की नावाची गरजच काय.

मग येतं ते सेटअप. नवा फोन हातात आलाय, जुन्यातून सगळं घ्यायचंय, माणूस घाईत, आणि नेमक्या त्याच वेळी एकामागून एक स्क्रीन. माझ्या अँड्रॉइडवर आधी गूगलच्या, लोकेशन, स्कॅनिंग (आसपासची वायफाय आणि ब्लूटूथ बघून जागा ओळखणं), वापराची माहिती पाठवा, सगळी बटणं आधीच चालू करून ठेवलेली, आपण फक्त 'ॲक्सेप्ट'. त्यानंतर फोन कंपनीच्या स्वतःच्या, 'अनुभव सुधारण्याचा कार्यक्रम', मग पर्सनल शिफारशी, मग लॉकस्क्रीनवर म्हणे वॉलपेपर बदलत राहतील (म्हणजे जाहिराती). नको म्हणायचं बटण बारीक, राखाडी, आणि हो म्हणायचं मोठं निळं. एवढं करून गॅलरी उघडली तर तिथे पुन्हा अटी, मान्य नसतील तर गॅलरी बंद. माझेच फोटो, माझाच फोन, पैसे देऊन घेतलेला, आणि ते बघायला मी कोणाची तरी पॉलिसी मान्य करायची. याला संमती कसली म्हणायचं, नाक दाबून तोंड उघडायला लावणं आहे हे.

सेटअपच्या या प्रकाराबद्दल दंडही झालाय. जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण संस्थेने गूगलला ५ कोटी युरोचा दंड केला तो अँड्रॉइड फोनवर खातं उघडताना घेतलेल्या संमतीवरूनच. माहिती चार ठिकाणी विखुरलेली, जाहिरातीचा पर्याय 'मोअर ऑप्शन्स'च्या आत, आणि तिथे टिक आधीच मारलेली. ॲपल साधूसंत आहे असं वाटत असेल तर त्याच संस्थेने त्यांनाही ८० लाख युरोचा दंड केला, २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झाला, ॲप स्टोअरमधल्या जाहिरातींचं सेटिंग आधीच चालू ठेवलं होतं म्हणून.

आणि बटण बंद केलं म्हणजे बंद झालं हेही धरून चालू नका. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवलं की गूगलची 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी लोकेशनच्या नोंदी होतच राहतात, कारण 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाचं दुसरंच बटण चालू असतं. ज्याला कोणी लोकेशनसाठी उघडेल असं नावावरून वाटत पण नाही. त्यावरून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांबरोबर ३९ कोटी १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मी हे बटण बंद केलंय, शोधायला जरा घुसावं लागतं, गूगल खात्याच्या 'डेटा अँड प्रायव्हसी'मध्ये आहे.

आयफोनचं सगळ्यात गाजलेलं फीचर म्हणजे ट्रॅकिंगचा पॉपअप, इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू द्यायचा का असं विचारणारा, एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ पासून. नको म्हटलं की ॲपला जाहिरातीचा आयडी, म्हणजे जाहिरातवाले फोन ओळखायला वापरतात तो नंबर, मिळतो तो नुसती शून्यं. हे काम करतं याचा सगळ्यात मोठा दाखला फेसबुकवाल्या मेटानेच दिला, याच्यामुळे २०२२ मध्ये आमचं साधारण १००० कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल असं त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणजे साधा सरळ प्रश्न, दोन बटणं, दोन्ही सारखी दिसणारी, असं विचारलं की लोक काय उत्तर देतात ते कळलं ना! पण अडवला जातो तो आयडी. तुम्ही त्या ॲपमध्ये ईमेल किंवा नंबर टाकून लॉगिन केलंत तर दुसरीकडच्या तुमच्या माहितीशी जोडाजोडी करायला तेवढं पुरतं, तिथे फोन काही अडवू शकत नाही, तिथे ॲपलचा नुसता नियम आहे आणि ॲपवाल्याचा शब्द. अँड्रॉइडवर असा पॉपअप नाहीच, पण जाहिरातीचा आयडी डिलीट करता येतो, सेटिंगमध्ये जाहिराती म्हणून शोधा, आत्ता करा, दहा सेकंदाचं काम आहे.

प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' असतं, ॲपलकडे 'प्रायव्हसी लेबल'. दिसायला फार सुंदर. पण भरतो कोण, तर ॲप बनवणारा स्वतःच. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरची ४० लोकप्रिय ॲप्स घेऊन लेबल आणि त्यांचीच प्रायव्हसी पॉलिसी शेजारी ठेवून बघितली, जवळपास ८० टक्क्यांत मेळ नव्हता. मी आता ते लेबल वाचतच नाही.

फोन आपलं बोलणं ऐकतो आणि मग जाहिराती येतात, हे मला घरातले, ऑफिसातले, सगळे सांगतात. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली, गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच, काही ॲप्स स्क्रीनचा व्हिडिओ काढून बाहेर पाठवत होती, आणि त्याला परमिशन लागतच नव्हती. सगळे माइकच्या मागे लागलेत आणि चोर दुसऱ्याच दाराने जातोय. ऐकायची गरजच नाही हो त्यांना, कुठे जाता, काय शोधता, कोणाबरोबर असता एवढ्यात भागतं.

आणि फोन स्वतः? त्याला तर कोणीच परमिशन विचारायला लावत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले प्रोफेसर डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजलं होतं, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही नुसते पडून असले तरी सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या मालकाशी, म्हणजे ॲपल आणि गूगलशी बोलतात, माहिती पाठवायला नकार दिला असला तरी. फोन चालू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत अँड्रॉइडने गूगलला साधारण १ एमबी पाठवलं, आयफोनने ॲपलला ४२ केबीच्या आसपास. गूगलने मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, घ्यायलाच हवा होता म्हणा. अपडेट, सिक्युरिटी यासाठी काही बोलणं लागतं हे मलाही मान्य आहे, पण मग ते डॅशबोर्डवर दाखवा ना. हवामानाच्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते मिनिटासकट दाखवता, आणि स्वतःची एक ओळ नाही.

एक गोष्ट कोणी बोलत नाही ती कॉन्टॅक्टची. मी कितीही जपून वागले तरी माझा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यातल्या एकाने कुठल्याशा ॲपला 'अलाऊ' केलं की माझं नाव, नंबर, कधी वाढदिवस पण, गेलं. 'सुमनमावशी डॉक्टर' असं कोणी सेव्ह केलं असेल तर नातं आणि धंदा दोन्ही गेलं. संमती कोणाची, माहिती कोणाची! आयओएस १८ मध्ये निवडक कॉन्टॅक्ट द्यायची सोय आली, चांगली आहे, पण ती वापरायची समोरच्याने, आपल्या हातात काही नाही.

तर स्टार. ठिपके आणि डॅशबोर्डला पाचपैकी साडेचार. ॲपच्या पॉपअपना साडेतीन. आयफोनच्या ट्रॅकिंग पॉपअपला चार, अर्धा जास्त दिला असता पण सांगितलं वर. स्टोअरच्या लेबलला एक. सेटअपला शून्य द्यायची सोय नसते म्हणून अर्धा. दोन फोनमध्ये कुठला घ्यावा असं विचाराल तर प्रायव्हसीपुरता आयफोन थोडा पुढे, पण थोडाच. अँड्रॉइडच असेल तर जाहिरातीचा आयडी डिलीट, 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद, लोकेशनमधलं वायफाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंग बंद, आणि मॅप सोडून बाकी सगळ्यांना लोकेशन अंदाजे, बरोब्बर जागा नाही. हवामानाला अंदाजे पुरतं, पाऊस काय सोसायटी बघून पडत नाही.