देवरियाताल की पराशर सरोवर : दिवाळीच्या सुट्टीत गट घेऊन जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा जणांना घेऊन हिमालयातल्या एखाद्या तळ्यापर्यंत एका दिवसात जाऊन यायचे ठरले, की चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते : उत्तराखंडातला देवरियाताल आणि हिमाचल प्रदेशातले पराशर सरोवर. या दोन्ही ठिकाणी मी लागोपाठच्या दोन वर्षी जवळपास त्याच अकरा जणांसह गेलो असून, त्यात नऊ वर्षांच्या पुतणीपासून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सहासष्ट वर्षांच्या काकूंपर्यंत सर्व जण होते. राजगड किंवा कळसूबाई केलेल्या माणसाला यांपैकी कोणताही चढ जड जाऊ नये, त्यामुळे त्या तपशिलात मी फारसा शिरत नाही.

आधी देवरियातालाविषयी. उखीमठजवळच्या सारी गावातून वर तळ्यापर्यंत जेमतेम तीन किलोमीटरची फरसबंद वाट आहे, आणि सुमारे 2,400 मीटर उंचीवर पोहोचायला आम्हांला पावणेदोन तास पुरले. शरदातल्या स्वच्छ हवेत समोर चौखंबा उभा राहतो. त्याची 7,138 मीटरची शुभ्र भिंत तळ्यात उलटी उतरलेली छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिलेली असतात, किंबहुना त्यांच्यासाठीच आपण तिथे जातो. तहानलेल्या पांडवांना यक्षाने प्रश्न विचारले ते हेच पाणी, असे तिथे सांगतात. आमच्यापुढचा यक्षप्रश्न मात्र निराळाच होता : अकरा जणांनी पहाटे साडेचारला निघायचे कसे?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु माझ्या दृष्टीने सगळा निर्णय तिथेच झाला. प्रतिबिंब पाहायचे तर ऊन चढण्याआधी, पाणी निवांत असताना काठावर असावे लागते, म्हणजे सारीतून अंधारात विजेऱ्या घेऊन निघावे लागते. आदल्या रात्री सर्वांनी माना डोलावल्या होत्या. पहाटे घरमालकांनी चुलीवर तापवलेल्या गरम पाण्याची बादली एकच, न्हाणीघर एकच, त्यात कोणाला चहाशिवाय पाऊल उचलवत नव्हते आणि कोणाचा एक मोजा सापडत नव्हता. दिवाळीतले अभ्यंगस्नान इथेही झालेच पाहिजे, असा आग्रह धरणारे एक काकाही होते. निघायला साडेसात वाजले. वर पोहोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते, वारा सुटला होता, तळ्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या आणि चौखंब्याच्या खांद्यावर ढग येऊन बसला होता. पुतणीने माझ्या फोनवरचे छायाचित्र तळ्यासमोर धरून दोन-तीनदा ताडून पाहिले आणि विचारले, ‘‘हेच का ते?’’ चहाच्या टपरीवाल्याने उत्तर दिले, की ‘ते’ पाहायचे तर सातच्या आत यायला हवे होते.

यात दोष देवरियातालाचा नाही, आमचा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. चौघांचा चपळ गट असेल, किंवा चोपता-तुंगनाथ जोडून तीन-चार दिवस त्या भागात काढायचे असतील, तर त्याची निवड चुकीची ठरणार नाही. पण मोठा गट हा मुळात उशिराच निघतो, आणि ज्या जागेचे मुख्य वैभव न्याहारीच्या आधी संपते ती जागा अशा गटाला फळेलच असे नाही. शिवाय ऋषिकेशहून उखीमठ गाठण्यात एक अख्खा दिवस जातो. भाऊबीजेला केदारनाथाचे दरवाजे बंद होतात आणि डोली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात यायला निघते, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत रस्त्यावर वर्दळही बरीच असते.

पराशरची गोष्ट वेगळी आहे. दिल्लीहून रात्रीची बस धरली की सकाळी मंडीत उतरता येते. तेथून बागी गावापर्यंत जीप आणि पुढे सात-आठ किलोमीटरची पायवाट. सुरुवातीला ओढ्याकाठची झाडी, मग देवदार, आणि शेवटी झाडे संपून एकदम उघडे गवताळ उतार लागतात. हे गवत त्या दिवसांत वाळून सोनेरी झालेले असते. पावसाळ्यात मात्र या वाटेला जाऊ नये. 2023 च्या जूनमध्ये बागी नाल्याला आलेल्या पुरात अनेक पर्यटक अडकून पडले होते. आम्ही साडेआठला निघालो, म्हणजे आमच्या मानाने वेळेवर, आणि दीड वाजता वर पोहोचलो.

तळे 2,730 मीटरवर, एखाद्या परातीच्या तळाशी पाणी साचावे तसे आहे. काठावर तीन छपरांचे लाकडी देऊळ आहे. मंडीच्या राजा बाणसेनाने ते तेराव्या शतकात बांधले, असे सांगतात. पाण्यात गवताचे एक गोल बेट तरंगते आणि ते जागा बदलत राहते. या गोष्टी दुपारी दीडलाही जशाच्या तशा दिसतात, हेच मला मोलाचे वाटले.

पराशरवर ट्रेक करणाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप असा, की तळ्याच्या जवळपर्यंत गाडीरस्ता जातो, आणि पाच तास चालून आल्यावर समोर उभ्या मोटारी व मॅगीचे ठेले पाहून विरस होतो. माझाही थोडा झाला. तळ्याभोवती कुंपण असल्यामुळे पाण्यात पाय सोडून बसता येत नाही, ही उणीवही खरीच. मात्र त्याच रस्त्याने काकू जीपने वर आल्या होत्या. देवळासमोरच्या उतारावर सतरंजी अंथरून, मंडीतल्या मुक्कामी सकाळी स्वतः थापलेली थालीपिठे मांडून त्या आमची वाट पाहत होत्या. देवरियातालाच्या वेळी त्या सारीतच मागे राहिल्या होत्या आणि दिवसभर आमच्या सामानाची राखण करत होत्या. गटाने जायचे म्हणजे सगळ्यांनी एकाच ठिकाणी जेवायला बसायचे, एवढी माझी साधी अपेक्षा असते, आणि ती पराशरला पुरी झाली.

तेव्हा मला विचाराल तर पराशर. चढताना पायी जावे आणि उतरताना सर्वांनी जीपने यावे, कारण त्या दिवसांत साडेपाचनंतर लवकर अंधार पडतो आणि थकलेल्या मुलांना घेऊन देवदारांतून उतरणे मला तरी पसंत नाही. जीप आदल्या दिवशीच मंडीत ठरवावी, आणि चालकाला परतीची वेळ चारची द्यायची असेल तर गटाला मात्र साडेतीन सांगावी.