पीसी-७ की एचटीटी-४०: नवशिक्या वैमानिकाच्या हाती कोणतं विमान द्यावं?

भारतीय हवाई दलाच्या या दोन प्राथमिक प्रशिक्षण विमानांची तुलना निघाली की आधी इंजिनाचे आकडे पुढे येतात. स्विस पिलाटस पीसी-७ मार्क २ ची ताकद ७०० अश्वशक्ती, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) एचटीटी-४० ची ९५०. म्हणून आपलं सरस, असं म्हणून लोक मोकळे होतात. निवड करणाऱ्याने मात्र स्पिनपासून, म्हणजे विमान गिरक्या घेत कोसळण्यापासून, सुरुवात करावी.

स्टॉल झालेलं, म्हणजे पंखांची उचल गमावलेलं विमान एका बाजूला कलंडून गरगरत खाली येतं तेव्हा समोर फक्त फिरणारी जमीन दिसते. अशा वेळी नवख्या कॅडेटने पॉवर कमी करायची, फिरण्याच्या उलट बाजूचं रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबायचं, स्टिक पुढे सारायची आणि विमानाने प्रत्येक वेळी तसाच प्रतिसाद द्यायचा. याबाबतीत पीसी-७ ची खात्री आधीच पटलेली होती. पिलाटसच्याच पीसी-९ च्या सांगाड्यावर बेतलेलं हे विमान दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकातच ‘अस्त्रा’ नावाने वापरात आणलं होतं. एचटीटी-४० चं पहिलं उड्डाण ३१ मे २०१६ ला झालं, पण स्पिनने बराच काळ खाल्ला. शेपटीत बदल करावे लागले, त्यानंतरच सहा वेढ्यांच्या स्पिनची चाचणी पार पडली. या दिरंगाईवर टीका झाली. मला मात्र तो वेळ सत्कारणी लागला असं वाटतं, कारण आपलं विमान असं का वागतं हे सांगू शकणारे अभियंते आता आपल्याकडे आहेत.

इंजिनांची जातही वेगळी. पीसी-७ च्या पीटी६ इंजिनामध्ये प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन स्वतंत्र असतं, त्यामुळे इंजिन सुरू करणं सोपं जातं. एचटीटी-४० च्या हनीवेल टीपीई३३१ मध्ये सगळं एकाच शाफ्टवर. पॉवर लिव्हर पुढे केला की ओढ लगेच जाणवते, आवाजही जास्त. ब्रिटनच्या शॉर्ट्स टुकानो या प्रशिक्षण विमानाला याच घराण्यातलं इंजिन होतं. एचएएल बनवत असलेल्या डॉर्नियर २२८ या छोट्या विमानालाही तेच असल्यामुळे आपल्या कारागिरांचा त्यावर हात बसलेला आहे. इंजिनं मात्र परदेशातूनच येतात आणि त्यांच्या पुरवठ्यात उशीर झाला, हेही हिशेबात धरायला हवं.

वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या बाबतीत एचटीटी-४० उजवं. त्यातली सीट ‘झिरो-झिरो’ आहे, म्हणजे धावपट्टीवर उभ्या विमानातूनही बाहेर पडता येतं. पीसी-७ च्या सीटला थोडा वेग लागतो.

किमतीची तुलना जपून करा. २०१२ मध्ये ७५ पीसी-७ साठी सुमारे २,९०० कोटी रुपयांचा करार झाला, तर मार्च २०२३ मध्ये ७० एचटीटी-४० साठी सुमारे ६,८०० कोटींचा. मधल्या अकरा वर्षांत रुपया घसरला, शिवाय दुसऱ्या रकमेत सिम्युलेटर वगैरे साहित्यही आहे. भागाकार करून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

विमानं लगेच हवी असतील तर पीसी-७ घ्यावं. २००९ मध्ये हवाई दलाच्या जुन्या एचपीटी-३२ प्रशिक्षण विमानांची उड्डाणं बंद झाली आणि नवशिक्यांना थेट किरण जेटवर शिकवावं लागलं. ती कोंडी पीसी-७ ने फोडली. मे २०१३ मध्ये ती दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत दाखल झाली आणि २०१५ पर्यंत सगळी ताब्यात आली. पण विमान तीस वर्षं वापरायचं असेल तर माझं मत एचटीटी-४० ला. २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पिलाटसशी व्यवहार वर्षभर थांबवले. अशा वेळी सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी कुणाकडे बघायचं? एचटीटी-४० चं उत्पादन बंगळुरूबरोबर आपल्या नाशिकच्या ओझरलाही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं. कॉकपिटमध्ये काही बदलायचं ठरलं तर स्वित्झर्लंडची परवानगी लागणार नाही.

तरी एचटीटी-४० वर कॅडेटच्या दोन-तीन तुकड्या पूर्ण शिकून बाहेर पडेपर्यंत पीसी-७ चं एकही विमान कमी करू नये, आणि पीसी-७ चे सुटे भाग आत्ताच भरून ठेवावेत.