बायबलमधल्या ‘पाप’ या अर्थाच्या शब्दांचा वर्ग : चार रविवार, 200 रुपये

सोलापुरात आमच्या भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये हा वर्ग झाला. दर वेळी अर्धा तास उशीर, पंख्याची खडखड, झेरॉक्स इतकी फिकी की हिब्रू अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची. तरी एकही रविवार चुकवला नाही.

पापासाठीचे तीन हिब्रू शब्द शिकवले. ‘हाता’ म्हणजे नेम चुकणं. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात, 20:16 मध्ये 700 डावखुरे गोफणवाले आहेत; केसावरही नेम धरला तरी न चुकणारे. तिथे हेच क्रियापद! आजोबा ज्वारीच्या माळ्यावरून गोफण फिरवायचे, त्यामुळे मला वेगळं समजवावं लागलं नाही. ‘पेशा’ ऐकून आधी हसू आलं, पण तो बंडाचा शब्द. 2 राजे 3:5 मध्ये मवाबचा राजा इस्राएलवर उलटतो, तिथेही हाच. ‘आवोन’ म्हणजे वाकडेपणा. मी चादरीच्या कारखान्यात काम करते. धागा एकदा वाकडा ओढला गेला की काठ वाकडाच येतो, हे रोज बघते.

स्तोत्र 32 च्या पहिल्या दोन ओळींत तिन्ही शब्द आहेत. इतकी वर्षं म्हणतेय, कधी लक्षातच आलं नाही.

नव्या करारातलं ग्रीक मात्र शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं. चार स्टार. चहा पाणचट.