दहा-बारा माणसांचं युनिट: ईएसआय की ग्रुप मेडिक्लेम?

विमा एजंटला फोन लावण्याआधी पगारपत्रक उघडा. माणसं किती आणि कुणाचा पगार किती, यावरच निम्मा निर्णय ठरून जातो.

दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील, तर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ईएसआय, म्हणजे सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना, सक्तीचं आहे. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. ‘आम्ही सगळ्यांचा मेडिक्लेम काढलाय’ हे उत्तर तपासणीच्या वेळी चालत नाही. म्हणून ‘दोन्हींपैकी कोणतं’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने उरतो तो दोघांच्याच बाबतीत: दहाच्या आत माणसं असलेले मालक, आणि २१,००० च्या वर पगार असलेले कर्मचारी.

तरीही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायलाच हवीत, कारण अनेक मालक ईएसआयकडे केवळ कापला जाणारा पैसा म्हणून बघतात आणि कामगाराला त्यातून काय मिळतं हे त्याला कधी सांगतच नाहीत.

आधी पैशाचं. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १५,००० पगारावर मालकाचे ४८८ आणि कामगाराचे ११३, म्हणजे महिन्याला ६०१ रुपये. एवढ्यात तो स्वतः, बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळे येतात. वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही, जुना मधुमेह आहे म्हणून कुणी नाकारत नाही, आणि उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही त्यातच. बाजारातली कोणतीही पॉलिसी या भावात हे देत नाही.

पण माझ्या मते ईएसआयचं खरं मोल उपचारात नाही, बुडालेल्या पगारात आहे. समजा, तुमच्या लेथवरचा माणूस काविळीने महिनाभर घरी बसला. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरेल, तेही ॲडमिट झाला तर. घरभाडं आणि किराणा कोण भरणार? ईएसआयमध्ये वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. १५,००० वाल्याला रोजचे साधारण ३५० रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या वर. टीबी, कर्करोग अशा लांबणाऱ्या आजारांत, सलग दोन वर्षांची नोकरी झालेली असेल तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण पगार. कामावर अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन. घरात कमावता एकच असेल, तर कर्जबाजारी होण्यापासून वाचवणारी गोष्ट हीच आहे. एक अट मात्र कामगाराला आधीच सांगा: उपचार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाचे पैसे मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

आता दुसरी बाजू. ईएसआयचा दवाखाना लांब असेल, तर साध्या तापासाठी कामगार अर्धा दिवस घालवणार नाही, गल्लीतल्या डॉक्टरकडेच जाणार. मोठ्या उपचारासाठी आधी दवाखाना, मग रेफरल, मग संलग्न रुग्णालय अशी पायरी आहे. त्यामुळे तुमच्या युनिटपासून दवाखाना आणि संलग्न रुग्णालयं किती दूर आहेत, हे स्वतः जाऊन बघा.

ग्रुप मेडिक्लेमची ताकद नेमकी इथे आहे. जवळचं चांगलं खाजगी हॉस्पिटल, कॅशलेस, आणि बहुतेक ग्रुप पॉलिसींमध्ये आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मात्र कोटेशन वाचताना प्रीमियमच्या आकड्यावर थांबू नका. रूम रेंटची मर्यादा बघा: ती कमी असेल आणि पेशंट महागड्या खोलीत गेला, तर अनेक पॉलिसींत फक्त खोलीचं भाडंच नाही, बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. को-पे, म्हणजे बिलातला कामगाराने स्वतः भरायचा हिस्सा, किती आणि आईवडील धरलेत का, हेही विचारा. छोट्या गटाचा दुसरा त्रास म्हणजे नूतनीकरण. दहा जणांत एक बायपास झाली की पुढच्या वर्षीचं कोटेशन चढतं.

आणि ग्रुप पॉलिसीत नाव नसलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. नवीन माणूस रुजू झाला की त्याच आठवड्यात त्याचं नाव विमा कंपनीला कळवा आणि त्याचा प्रीमियम वळता व्हायला सीडी खात्यात (विमा कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या रकमेत) पैसे आहेत ना ते बघा. हे काम ऑफिसातल्या एका माणसाच्या नावावर ठेवा.

दहाच्या आत असलेल्यांचं काय? गट फार लहान असेल तर विमा कंपन्या ग्रुप पॉलिसी देतच नाहीत. सातच्या खाली मिळणं कठीण. तिथे प्रत्येकाची फॅमिली पॉलिसी काढून हप्ता तुम्ही भरणं हा चांगला मार्ग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही, ग्रुपवर मात्र १८ टक्के आहेच. शिवाय नोकरी सुटली तरी ही पॉलिसी कामगाराकडेच राहते. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर दहाच्या आतही स्वेच्छेने ईएसआय घेता येतं. पगार २१,००० च्या आत असतील तर मी आधी हेच बघेन.

२१,००० च्या वरच्या सुपरवायझर, अकाउंटंटसाठी सरळ ग्रुप मेडिक्लेम घ्या. कामगारांच्या विम्याचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो, फक्त तो रोखीने भरू नका, वजावट जाते.

आईवडिलांना ग्रुपमध्ये घेतलं की प्रीमियम झपाट्याने वाढतो आणि बरेच मालक तिथेच मागे हटतात. त्यांच्यापैकी ज्यांचं वय ७० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचं संरक्षण मिळतं. आधार कार्ड घेऊन त्यांची नोंदणी करून द्या, आणि मग उरलेल्यांसाठीच कोटेशन मागवा.